समुद्रातला ऑक्सिजन कमी होतोय, आणि आपण पुण्यात

मुठाकाठची

गेल्या रविवारी गणेश पेठेत मासळी आणायला गेले होते. माझ्या नेहमीच्या मावशींच्या पाटीत कुपा भरपूर होता. मी म्हटलं, "मावशी, यंदा कुपा बराच दिसतोय." त्या सुरीला धार लावता लावता म्हणाल्या, "वर येतोय गं मासा. खाली त्याला करमत नाय."

घरी आले तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. मग वाचायला बसले आणि कळलं की १९६० पासून जगभरच्या समुद्रांनी मिळून आपल्या ऑक्सिजनमधला दोन टक्क्यांहून जास्त वाटा गमावलाय. मला बर्फ वितळणं माहीत होतं, प्लास्टिक माहीत होतं. हे मात्र अजिबात माहीत नव्हतं, आणि मी आठवड्यातून दोनदा मासे खाणारी बाई आहे!

मावशी म्हणाल्या ते खरं असू शकतं का? पाण्यातला ऑक्सिजन संपतो म्हणजे नक्की काय होतं? आणि आपली मुठा शेवटी समुद्रालाच मिळते ना, मग यात पुण्याचा हात किती? जाणकारांनी सविस्तर लिहावं. मला खरंच समजून घ्यायचंय.

काचेचं_तळं

समुद्राचं जाणकार सांगतील, मी माझ्या फिशटँकचं सांगतो. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये रात्री लाईट गेली आणि पहाटेपर्यंत आलीच नाही. एअर पंप बंद. चार वाजता टॉर्च लावून पाहिलं तर सगळे मासे पाण्याच्या वरच्या थरात, तोंडं वर काढून ओठ हलवताहेत. तळाशी एकही नाही. मी तांब्यानं पाणी काढायचो आणि उंचावरून परत ओतायचो, दीड तास. हात भरून आले. तरी तीन गेले, आणि तिन्ही मोठे होते. लहान वाचले.

थंडीत असाच पंप बंद पडला होता तेव्हा काही झालं नव्हतं. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो, आणि माशाला तर गरम पाण्यात जास्त लागतो. दोन्हीकडून कोंडी. "खाली करमत नाही" हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

सह्यकडा

मुद्दाम विरोधी मत मांडतो, कारण मला पटवून घ्यायचंय. दोन टक्के म्हणजे शंभराचे अठ्ठ्याण्णव. आपण पुण्याहून महाबळेश्वरला गेलो तर याहून विरळ हवेत श्वास घेतो आणि वर गाजराची भजी खाऊन येतो. समुद्र एवढा अफाट, त्याला दोन टक्क्यांनी काय होणार? शिवाय अरबी समुद्रात कमी ऑक्सिजनचा पट्टा पूर्वीपासूनच आहे असं वाचलंय. मग हे नैसर्गिकच नाही का?

दोनापावला_ते_दापोडी

काही वर्षं गोव्यात समुद्रविज्ञानाचं काम केलं, संशोधन जहाजावर फिरलोय. आता पुण्यात असतो. जरा लांबण लागेल.

सह्यकडा, आधी तुमच्या दोन टक्क्यांचं. ही सरासरी आहे. पुणे जिल्ह्याचा सरासरी पाऊस चांगला आहे म्हणून सुप्याच्या शेतकऱ्याची विहीर भरते का? ताम्हिणीत कोसळतो, सुप्यात हुलकावणी देतो. समुद्राचं तसंच आहे. बऱ्याच भागात फारसा फरक नाही आणि जिथं आधीच तोळामासा होता तिथं पार खडखडाट. कमी ऑक्सिजनच्या पाण्याचा पसारा गेल्या पन्नासेक वर्षांत सुमारे ४५ लाख चौरस किलोमीटरनं वाढला. आख्ख्या भारताहून मोठा. ज्या पाण्यात ऑक्सिजन अजिबातच नाही, त्याचं प्रमाण याच काळात चौपट झालं.

अरबी समुद्राबद्दल तुमचं बरोबर आहे. १९३३-३४ मध्ये 'मबाहिस' जहाजावरून जॉन मरे मोहीम आली होती, तेव्हाच हा पट्टा लक्षात आला होता. साधारण दीडशे मीटरपासून हजार-बाराशे मीटर खोलीपर्यंत जवळजवळ ऑक्सिजनच नाही. उत्तरेला जमीन आहे, त्यामुळे तिकडून थंड, ताजं पाणी यायला वाट नाही. मोसमी वाऱ्यांनी खालचं खतावलेलं पाणी वर येतं, सूक्ष्म वनस्पती माजतात, मरून खाली बसतात, त्या कुजताना असलेला ऑक्सिजनही संपतो. हे माणसाच्या आधीपासून चालू आहे.

पण ज्याला मुळातच दमा आहे त्याच्या खोलीत धूर करायचा नसतो. २०१८ मध्ये ओमानच्या आखातातली मापनं प्रसिद्ध झाली, पाण्याखाली फिरणाऱ्या यंत्रमानवांनी घेतलेली. तिथं ऑक्सिजन जुन्या नोंदींच्या मानानं खूपच खाली गेलेला आढळला.

यामागची दोन कारणं वेगळी धरा. एक तापमान. गोड्या पाण्याचे आकडे सांगतो, ते सोपे आहेत: शून्य अंशाला लिटरमागे १४.६ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तीस अंशाला जेमतेम साडेसात. खाऱ्या पाण्यात त्याहून कमी. पण खरी मेख पुढे आहे. वरचं पाणी तापलं की हलकं होतं आणि खालच्या थंड पाण्यावर झाकणासारखं बसतं. मग वरचा ऑक्सिजन खाली जात नाही. खोल समुद्रातला बराचसा तोटा या झाकणामुळे आहे. दुसरं कारण किनाऱ्यालगतचं: सांडपाणी आणि खतं. जगात पाचशेहून जास्त किनारी ठिकाणी ऑक्सिजन दोन मिलिग्रॅमच्या खाली गेल्याची नोंद आहे, आणि १९५० च्या आधी त्यातल्या दहा टक्के ठिकाणीसुद्धा अशी नोंद नव्हती.

आता मावशींचं. एका हंगामाच्या पाटीवरून निष्कर्ष काढू नये, पण त्या म्हणतात ती गोष्ट शास्त्राला ठाऊक आहे. कुपा, मार्लिन हे सुसाट पोहणारे मासे, त्यांना ऑक्सिजन भरपूर लागतो. खालचा पट्टा वर सरकला की त्यांचं घर वरच्या पातळ थरात आक्रसतं. उष्णकटिबंधीय ईशान्य अटलांटिकमध्ये १९६० ते २०१० या काळात त्यांचा वावर असलेला थर सुमारे १५ टक्क्यांनी घटला. यात सगळ्यात वाईट काय, तर मासा वर दाटीवाटीनं आला की जाळ्यात सहज सापडतो. पाटी भरलेली दिसते आणि आपल्याला वाटतं मासा वाढला.

पोह्यावर_लिंबू

शेवटची दोन वाक्यं दोनदा वाचली. प्रतिसाद जपून ठेवतेय.

सह्यकडा

सुप्याचं उदाहरण पटलं. सरासरीचा मुद्दा मागे घेतो.

भाकरी_ठेचा

बाळबोध शंका. शाळेत शिकलोय की पृथ्वीवरचा निम्मा ऑक्सिजन समुद्र तयार करतो. मग समुद्रातला कमी झाला तर आपल्याला श्वास घ्यायला कमी पडणार का? घरात लहान बाळ आहे, म्हणून विचारतोय.

दोनापावला_ते_दापोडी

नाही, ती काळजी मनातून काढून टाका. समुद्रातल्या वनस्पती निम्मा ऑक्सिजन तयार करतात हे खरं, पण जवळजवळ तेवढाच समुद्रातले जीव आणि कुजण्याची क्रिया वापरूनही टाकतात. हवेत जवळपास २१ टक्के ऑक्सिजन आहे, हा साठा प्रचंड मोठा आहे. बाळाच्या श्वासाला धोका नाही. धोका माशाच्या श्वासाला आहे, आणि पुढे त्या बाळाच्या ताटाला.

देवगडची_सून

थोडं अवांतर. नोव्हेंबर २०२० मध्ये कोकणात आणि मुंबईत रात्री निळ्या लाटा दिसत होत्या, आठवतंय? आम्ही देवगडला होतो. मुलं ओल्या वाळूत पाय आपटायची आणि पावलाभोवती निळा उजेड पसरायचा. सासरे मात्र गप्प उभे होते. सगळे फोटो काढताना ते म्हणाले, "हे बरं नाय. पाणी आजारी आसा." त्याचा या विषयाशी संबंध आहे का?

दोनापावला_ते_दापोडी

आहे, पण सरळ रेषेत नाही. तो नॉक्टिलुका नावाचा सूक्ष्म जीव. अरबी समुद्रातल्या त्याच्या हिरव्या प्रकाराचे बहर गेल्या काही दशकांत खूप वाढले. कमी ऑक्सिजनचं पाणी वर येतं त्याचा त्याला फायदा होतो, अशी मांडणी २०१४ मध्ये झाली. त्यावर सगळ्यांचं एकमत नाही. पण असा दाट बहर मेला की कुजताना ऑक्सिजन खातो, यात वाद नाही. सासऱ्यांना नमस्कार सांगा.

निवृत्त_रसायन

सदतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. इथं सगळे ऑक्सिजनच्या आकड्यांबद्दल बोलताहेत, तो मोजतात कसा ते सांगतो. ही पद्धत लायोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाची, १८८८ सालची. आजही इलेक्ट्रॉनिक सेन्सर बरोबर आहे की नाही हे तिच्यावरच पडताळतात.

तीनशे मिलिलिटरची काचेची बाटली, तिरक्या टोकाच्या बुचाची. पाणी तळापासून हळूच भरायचं, एकही बुडबुडा राहता कामा नये. बुडबुडा राहिला तर तुम्ही नदीचा नाही, खोलीच्या हवेचा ऑक्सिजन मोजता. मग पिपेट पाण्यात बुडवून मँगेनीज सल्फेट सोडायचं, त्यामागून आयोडाइडचं अल्कली द्रावण. बूच लावून बाटली उलटसुलट करायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर भुऱ्या रंगाचा साका बनतो, ओल्या विटेच्या भुकटीसारखा, आणि हळूहळू खाली बसतो. ऑक्सिजन नसेल तर साका पांढराच राहतो. दह्यासारखा पांढरा.

पुढे आम्ल, मग थायोसल्फेट, स्टार्च, निळा रंग जातो तो क्षण, हे सगळं आहे. पण माझे विद्यार्थी आकडा विसरायचे, पांढरा साका विसरायचे नाहीत. एकदा एका मुलीनं संगमाजवळचं पाणी आणलं होतं. साका पांढरा पाहून तिनं विचारलं, "सर, माझं चुकलं का?" तिचं काही चुकलं नव्हतं.

दोनापावला_ते_दापोडी

सर, अंगावर काटा आला. जहाजावर खोल पाण्याच्या बाटल्या वर आल्या की पहिला मान ऑक्सिजनच्या नमुन्याचा असतो. बाकी सगळे रांगेत थांबतात, कारण उघड्यावर राहिलं की हवा मिसळलीच. पहाटे तीनला डेकवर रबरी नळी हातात धरून मी हेच केलंय. चारशे मीटरवरच्या पाण्याचा साका पहिल्यांदा पांढरा पाहिला तेव्हा शेजारचा सीनियर नुसता म्हणाला, "हा आपला अरबी समुद्र."

नकाशावेडा

मूळ धाग्यातली एक गोष्ट दुरुस्त करतो. मुठाकाठची ताई, मुठा समुद्राला मिळते खरी, पण अरबी समुद्राला नाही. मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, भीमा उजनीत येते, तिथून पंढरपूर, पुढे कृष्णा, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. सरळ रेषेत शंभर किलोमीटरवर समुद्र असताना आपलं पाणी उलटं, आख्खं द्वीपकल्प ओलांडून पूर्वेला जातं.

अपवाद एकच ठळक: मुळशी. त्या धरणाचं पाणी वीजनिर्मितीसाठी घाटाखाली भिऱ्याला उतरवतात, ते कुंडलिकेतून रेवदंड्याला अरबी समुद्रात जातं.

जुना_पेठकर

मुळशीचा विषय निघालाच आहे तर सेनापती बापट आणि १९२१ चा सत्याग्रह आठवल्याशिवाय राहवत नाही. ज्यांची भातखाचरं त्या पाण्याखाली गेली...

नकाशावेडा

पेठकर काका, त्यावर वेगळा धागा काढा. मी पहिला प्रतिसाद देईन, शब्द देतो.

मुठाकाठची

नकाशावेडा, मनापासून आभार. इतकी वर्षं मुठेच्या काठावर राहते आणि ती कुठं जाते हे नीट ठाऊक नव्हतं. म्हणजे आपलं सांडपाणी बंगालच्या उपसागरात?

दोनापावला_ते_दापोडी

तिथं पोचायच्या आधी बराचसा मैला आणि त्यातला नत्र-स्फुरद उजनीच्या फुगवट्यातच अडकतो. पण बंगालच्या उपसागराचं ऐका, मला झोप येत नाही ते यामुळे. तिथल्या कमी ऑक्सिजनच्या पट्ट्यात अगदी कणभर, साध्या उपकरणाला कळणारही नाही इतका ऑक्सिजन शिल्लक असल्याचं २०१७ मध्ये दिसलं. त्या कणभरानंच एक मोठी रासायनिक साखळी रोखून धरलीय. तो संपला तर तिथले जीवाणू अरबी समुद्रासारखा नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरायला लागतील. समुद्राचं खत हवेत उडून जाईल, आणि अशा काठावरच्या पाण्यात नायट्रस ऑक्साइडही बनतो, जो उष्णता धरून ठेवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट आहे.

इंदापूरचा_ऊस

उजनीचं नाव आलं म्हणून लिहितो. आमचं शेत फुगवट्याच्या काठाला आहे. उन्हाळ्यात पाणी हिरवंगार होतं, हात घातला तर खाज सुटते. पहाटे काठाला मेलेले मासे दिसतात, आणि पहाटेच का ते आता कळलं: रात्रभर शेवाळ पण श्वास घेतं. माझे चुलते मासेमारी करायचे. त्यांच्या जाळ्यात पूर्वी दहा जातीचे मासे असायचे, आता चिलापीच चिलापी. मरळ टिकतो, कारण तो वर येऊन हवा गिळतो. बांगड्या-सुरमईला ती सोय नाही.

एक विनंती. असा विषय निघाला की शेवटी खापर उसावर आणि युरियावर फुटतं. चूक आमचीही आहे, नाकारत नाही. पाटपाण्यात युरिया फेकला की निम्म्याहून कमीच पिकाला लागतो. मी तीन वर्षांपासून ठिबकमधून थोडं थोडं खत सोडतो, पोती निम्म्यावर आली आणि खोडवा चांगला निघाला. पण वरून येणारं काळं पाणी माझं नाही. ते तुमच्या संडासांचं आहे.

पाषाणची_पाखरं

दादा, शंभर टक्के बरोबर. आम्ही पाषाण तलावातली जलपर्णी दर वर्षी पाहतो. ती पण त्याच काळ्या पाण्यावर पोसते.

पाषाणलाच असलेल्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांचा २०१६ चा अभ्यास इथं सांगायला हवा. पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत सूक्ष्म वनस्पती २० टक्क्यांपर्यंत घटल्या. दोनापावला यांनी सांगितलेलं झाकणच तिथंही नडतं: खालचं खत वर येत नाही. म्हणजे एकाच झाकणाखाली खालच्यांचा श्वास कोंडतो आणि वरच्यांचं अन्न तुटतं.

सातव्या_मजल्यावरून

आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून एक कबुली देतो. गेले तीन दिवस हा धागा वाचून मन खातंय.

आमच्याकडे सांडपाणी प्रक्रियेचा प्रकल्प आहे. त्यात एका टाकीत ब्लोअरनं हवा सोडतात, त्या हवेवर जीवाणू जगतात आणि मैला खातात. मागच्या वर्षी विजेचं बिल पाहून कमिटीनं ठरवलं, ब्लोअर दिवसातून सहाच तास चालवायचा. ठरावावर सही माझी. दोन महिन्यांत टाकीतला चॉकलेटी गाळ काळा पडला आणि सडक्या अंड्यांचा वास तळमजल्यावर येऊ लागला. आम्ही काय केलं? वासाचं औषध आणलं. पाणी तसंच नाल्यात, नाल्यातून मुठेत.

सरांनी पांढऱ्या साक्याबद्दल लिहिलं तेव्हा लख्ख कळलं. आम्ही वीज वाचवत नव्हतो. त्या टाकीचा श्वास बंद केला होता, आणि पुढे इंदापूरच्या दादांच्या दारातल्या पाण्याचा.

इंदापूरचा_ऊस

दादा, तुम्ही लिहिलंत हे फार मोठं आहे. राग नाही.

सह्यकडा

आता माझा प्रश्न उलटा आहे. हे कुठं सुधारलंय का? की नुसतं वाचून हळहळायचं?

दोनापावला_ते_दापोडी

सुधारलंय. लंडनची टेम्स १९५७ मध्ये जैविकदृष्ट्या मृत म्हणून जाहीर झाली होती. सांडपाण्याची व्यवस्था सुधारली, मासे परतले, आता तिथं सील दिसतात. काळ्या समुद्राच्या वायव्य भागात फार मोठा मृत पट्टा होता. सोव्हिएत संघ कोसळल्यावर खतांचा वापर एकदम घटला आणि काही वर्षांत तो पट्टा आक्रसला. सांडपाणी-खतांचं दुखणं माणसाच्या एका आयुष्यात बरं होतं.

तापमानाचं तसं नाही. तापलेला समुद्र निवायला शतकं लागतात. २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी सायबेरियात लाव्ह्याचे थरावर थर साचले, आपला सह्याद्री बनला तसेच. हवा तापली, समुद्रातला ऑक्सिजन घटला आणि समुद्रातल्या बहुसंख्य जाती नष्ट झाल्या. त्यातल्या निम्म्याहून अधिक हानीचं कारण उष्णता आणि ऑक्सिजनची टंचाई ही जोडी होती, असं २०१८ मधलं संशोधन सांगतं. म्हणून कोळसा आणि तेल कमी जाळणं हा या दुखण्यावरचाच उपाय आहे. त्याला पर्याय नाही.

मुठाकाठची

बरेच दिवस गप्प होते. निवृत्त_रसायन सरांना निरोप पाठवला आणि काल त्यांच्या घरी जाऊन आले. सोबत तीन बाटल्या: खडकवासल्याची, संगमाजवळची आणि आमच्या घराखालच्या घाटावरची.

सरांच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर काकूंनी जागा करून दिली. खडकवासल्याच्या बाटलीत साका भुरा झाला, अगदी सरांनी लिहिलं तसा, विटेच्या भुकटीसारखा. संगमाच्या बाटलीत पांढरा. घाटावरच्या बाटलीतही पांढराच, फक्त कडेला पुसटशी पिवळसर झाक. याच घाटावर माझी आजी कपडे धुवायची आणि आई लहानपणी पदरात मासे पकडायची. मी बाटली उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिले.

आज परत गणेश पेठेत गेले. मावशींना सगळं सांगितलं, कुपा वर का येतो तेही. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "मग आमी काय खोटं सांगतो काय?" आणि कुप्याऐवजी मांदेली घ्यायला लावली.

सातव्या_मजल्यावरून

काल रात्री कमिटीची बैठक झाली. दीड तास भांडण. शेवटी ठराव फिरवला, ब्लोअर चोवीस तास सुरू. सर, आमच्या टाकीतून बाहेर पडणारं पाणी तपासून द्याल का?

निवृत्त_रसायन

लगेच नको. जीवाणू परत वाढायला दोन-तीन आठवडे द्या. मग रविवारी सकाळी या, बाटली माझ्याकडून घेऊन जा. भरताना नळी तळाला टेकवा आणि काठोकाठ भरून वाहू द्या. बुडबुडा राहू देऊ नका.